आधीच धुतलेले पाय

"पाय बुडवा, बाबा," असं म्हणत पूनमने वडिलांचे दोन्ही पाय स्वतःच उचलून प्लास्टिकच्या टबात ठेवले. तिच्या हातांत पिवळे रबरी मोजे होते, बाथरूमची फरशी घासताना घालायचे.

"एवढ्या उन्हात गरम पानी काहून?" बाबांनी विचारलं.

"मळ फुगला पाहिजे न. हलू नका."

आज पवित्र गुरुवार होता. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते, तसे संध्याकाळच्या मिस्साला फादर प्रकाश बारा जणांचे पाय धुणार होते. शिष्यांचे पाय धुळीने माखले होते म्हणून धुवावे लागले, हे पांढुर्ण्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फादरांच्या हातात मळका पाय द्यायचा म्हणजे काय! ज्यांची नावं निघत ती माणसं चार दिवस आधीपासून आपल्या पायांच्या मागे लागत. टाचा वजरीने घासल्या जात, नखं कापली जात, भेगांत व्हॅसलीन भरलं जाई. मागच्या वर्षी वच्छलाबाईंनी पायांना अत्तर लावून आणलं होतं आणि फादरांना ऐन वेदीसमोर शिंक आली होती. थोडक्यात, चर्चमध्ये धुतलेलेच पाय येत, फादर ते तांब्याभर पाण्याने ओले करत आणि सगळे समाधानाने घरी जात.

यंदा त्या बारा जणांत बाबांचं नाव होतं. झावळ्यांच्या रविवारी फादरांनी नावं वाचली तेव्हा पूनमच्या हातातली खजुराची झावळी वर धरलेली तशीच राहिली. तिने बाजूला पाहिलं तर बाबा उठून उभेच होते, शाळेत हजेरी द्यावी तसे.

घरी आल्यावर तिने समजावून पाहिलं. इतका वेळ बसवणार नाही, गरमी आहे, दुसऱ्या कुणाला संधी मिळेल.

"बसाचंच तं हाय," बाबा म्हणाले. "तिथी वसाहतीत म्हातारे फादर दरसाल धुवत होते आमचे. सगळ्यांचेच. बारा न् फारा काही नाही."

हीच तर वसाहत पूनमला नको होती. मोहगावच्या पुढे, संत्र्यांच्या बागा संपतात तिथे कुष्ठरोग्यांची एक जुनी वसाहत आहे. बाबा तरुणपणी तिथे आले, बरे झाले, तिथेच त्यांचं लग्न झालं आणि पूनमचा जन्मही तिथलाच. गोळ्यांचा कोर्स कधीच पुरा झाला होता. आता त्यांच्यापासून कुणाला काही होण्यासारखं नव्हतं, हे पूनमला कुठल्याही डॉक्टरइतकं ठाऊक होतं. तरी रोगाने जाताना आपली निशाणी ठेवलीच होती. हातांची बोटं आत वळलेली, डाव्या पायाची दोन बोटं नाहीतच, आणि घोट्याखाली दोन्ही पाय बधिर.

आई गेल्यावर तिने बाबांना पांढुर्ण्याला आणलं, आणि आणण्याआधीच सगळीकडे सांगून ठेवलं की बाबांना शुगर आहे. शुगरमध्ये बोटं कापावी लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कुणी पुढचं विचारत नाही. हातांची बोटं वाताने वाकली, हे तिने नंतर जोडलं. खरं काय ते नवरा गजेंद्रला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तो भला माणूस, त्याने कधी तोंडातून ब्र काढला नाही. बाबांनाही तिने रेल्वे स्टेशनवरून घरी येतानाच, ऑटोत, बजावलं होतं, इथे शुगर म्हणायचं. बाबांनी मान हलवली होती. तेव्हापासून ते चहात साखरसुद्धा मागत नव्हते.

रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देण्याचं काम पूनमकडे होतं. संतांच्या गोष्टी सांगाव्यात तर तिनेच. संत फ्रान्सिस घोड्यावरून चाललेला, वाटेत कुष्ठरोगी दिसतो, त्याला शिसारी येते, आणि तरीही तो खाली उतरतो आणि त्या माणसाचं चुंबन घेतो. ही गोष्ट ती अशी सांगे की मागच्या बाकावरची पोरंही गप्प होत. सांगताना तिचा स्वतःचा गळा भरून येई, आणि ते खोटं नसे. फक्त घरी आल्यावर बाबांचा टॉवेल ती इतरांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकत नसे. का टाकत नाही, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

टबातलं पाणी गढूळ झालं. टाचेचा काळा थर काही निघेना. पूनमने पाणी अर्धं ओतून दिलं, गॅसवरचं वाफाळलेलं पातेलं आणून टबात रिकामं केलं आणि गार पाण्याचा तांब्या भरायला वळली, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात शेजारच्या मीनाकाकू होत्या. आज हनुमान जयंती, त्या सकाळीच जामसावळीच्या मारुतीला जाऊन आल्या होत्या. हातात प्रसादाचा पुडा आणि पाण्याची छोटी बाटली.

"बाबांसाठी तीर्थ आणलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक घेता का नाही मले माहीत नाही, पण म्हटलं द्यावं. केवढी रांग होती बाप्पा! कशी हाय त्यांची शुगर?"

"आहे तशीच, काकू. मागच्या महिन्यात थोडी वाढली होती."

"गोळ्या बदलल्या का?"

"हो न. डॉक्टरांनी आता दोन वेळा दिली."

खोटं एकदा बोलायचं म्हटलं की त्याला खायला-प्यायला घालावं लागतं. पूनमने गोळ्या सांगितल्या, पथ्य सांगितलं, मेथीचे दाणे भिजवून देते म्हणून सांगितलं. मीनाकाकूंनी कारल्याचा रस सुचवला. तो कसा काढायचा, सालं ठेवायची की काढायची, यावर दोघी उंबऱ्यात बऱ्याच बोलल्या. आतल्या खोलीत बाबा खुर्चीवर बसलेले होते आणि टबातून वाफ येत होती.

परत आल्यावर तिने वेळ गेला म्हणून घाईने वजरी उचलली. टाचा घासल्या, घोटे घासले, बोटांच्या मधल्या जागा कापसाने पुसल्या. थर भराभर निघत होता. काळ्या कातडीखालून लालसर रंग दिसायला लागला तेव्हा तिला बरं वाटलं.

"पाहा बरं, कसे उजळले," ती म्हणाली.

बाबा पायांकडे पाहत होते. तिने पाय टिपले, नवे पांढरे मोजे घट्ट चढवले आणि वरून बूट.

संध्याकाळी चर्च भरलं होतं. भरलं म्हणजे तरी किती, रेल्वेतली चार-सहा घरं, दवाखान्यातल्या नर्सा, सौंसर-लोधीखेड्याकडून आलेली दोन कुटुंबं आणि सिस्टर लोक. मिस्सा हिंदीतून चालली होती. प्रवचन झालं, आणि फादर प्रकाशांनी वरचा झगा उतरवून कमरेला टॉवेल बांधला. वेदीसमोर बारा खुर्च्या ओळीने मांडलेल्या. बाबा शेवटच्या खुर्चीवर होते. ती जागा पूनमनेच सांगून घेतली होती, म्हणजे शेवटी गाणं सुरू होतं आणि लोकांचं लक्ष पुस्तकात जातं.

फादर एकेका खुर्चीसमोर गुडघे टेकत पुढे सरकत होते. पाणी घालायचं, पुसायचं, वाकून पायाला ओठ टेकवायचे. वच्छलाबाईंच्या पायांना यंदा वास नव्हता. गाणं सुरू झालं. पूनम दुसऱ्या बाकावर उभी राहून गात होती, पुस्तकावर मात्र तिची नजर नव्हती.

बाबांच्या वळलेल्या बोटांना बुटाची नाडी सुटेना. फादरांनीच ती सोडली, बूट काढला आणि मोजा ओढला. मोजा अडला. फादरांनी जरा जोर लावला आणि मग एकदम थांबले. त्यांनी मोजा बोटाबोटाने, हळूहळू उतरवला. पायावर लिंबाएवढे फोड आले होते. एक फुटला होता आणि त्याची कातडी मोज्याला चिकटून निघाली होती.

पहिल्या बाकावरचं गाणं थांबलं, मग दुसऱ्या बाकावरचं. बाजाची पेटी थोडा वेळ एकटीच वाजत राहिली.

पूनमला त्या क्षणी सगळं कळलं. गार पाण्याचा तांब्या भरायचा तसाच राहिला होता. पाण्यात आधी आपलं कोपर, मग बाबांचा पाय, हे ती बाराखडीच्या आधी शिकली होती. आई रोज तसं करायची. वसाहतीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा हे ठाऊक असायचं. आणि तिने हातमोजे घातले होते, म्हणून तिच्या हातांनाही काही कळलं नव्हतं.

"दादाजी," फादर हळूच म्हणाले, "ये कैसे हुआ? दर्द नहीं हुआ?"

बाबांनी मान वर केली. त्यांनी फादरांकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "शुगर हाय न मले, फादर. पायाचं समजत नाही. पानी मीच गरम घेतलं."

बाकांतून कुणीतरी चुकचुकलं. बिचारे, कुणीतरी म्हणालं. पुढे व्हावं, बाबांच्या बाजूला जाऊन उभं राहावं, एवढं तरी करावं असं पूनमला वाटलं, पण पाय उचलला नाही. आपलं खोटं आपल्या बापाच्या तोंडून वेदीसमोर ऐकताना तिला इतकी लाज वाटली की समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ती नुसती उभी राहिली. आणि त्या लाजेतही मनाच्या एका कोपऱ्यात हायसं वाटलंच, की बाबांनी बरोबर तेच सांगितलं. हे तर सगळ्यात वाईट होतं.

फादर प्रकाशांनी नजर खाली घातली, तांब्यातलं गार पाणी त्या पायावर सावकाश, बराच वेळ धरलं, टॉवेल बाजूला ठेवला, आणि बाकी अकरा जणांच्या पायांना टेकवले तसे या पायालाही ओठ टेकवले. मग वळून म्हणाले, "सिस्टर अमिता, ज़रा आइए."

चर्चच्या आवारातच सिस्टरांचा लहानसा दवाखाना होता. मिस्सा संपेपर्यंत सिस्टर अमितांनी दोन्ही पाय साफ करून मलम लावून गुंडाळले. पूनम मागे भिंतीला टेकून उभी होती. सिस्टरांनी तिला पट्ट्या कधी बदलायच्या आणि पाय खाली लोंबता ठेवायचा नाही एवढंच सांगितलं. गजेंद्र स्कूटर आणायला गेला. पूनम आणि बाबा बाहेर चिंचेखालच्या बाकावर बसले. बाबांचे पाय तिने समोरच्या स्टुलावर ठेवले होते. चर्चमध्ये आराधना सुरू झाली होती, लोक आत-बाहेर करत होते, आणि लांब कुठल्यातरी मारुतीच्या देवळातला भोंगा ऐकू येत होता.

"बाबा, वाफ दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली न."

"लाल झालेलं?"

"तेबी दिसलं."

"मग बोलला काहून नाही?"

बाबांनी पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू चोळून राहिली होती. तुही माय गेल्यापासून कोनी चोळले नव्हते पाय. मोजे घालून का असेना."

पूनमने आपले हात मांडीवर पालथे ठेवले. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही.

"तिथं शुगर काहून म्हटलं?" तिने विचारलं. "वेदीसमोर."

"तूच तं सांगतलं होतं, शुगर म्हनाचं."

"हो, पण चर्चमध्ये…"

"चर्चमधी काय न् किराणा दुकानात काय. देवाले दोन्हीकडचं आयकू येते." त्यांनी पाय जरासा सरकवला, हाताने धरून, कारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कुठे आहे हे त्यांना कळत नसे. "फादरले माहीतच हाय. मी दर महिन्याले कबुलीत सांगतो."

"काय सांगता?"

"हेच. खोटं बोलतो म्हनून. शुगर नसून लोकायले शुगर सांगतो म्हनून."

पूनमला फादरांची खाली गेलेली नजर आठवली. पापांच्या कबुलीत ऐकलेलं फादरांना कुठे बोलता येत नाही, चेहऱ्यावरही आणता येत नाही. "माझं नाव सांगता?" तिने विचारलं.

"तुहं काहून सांगू? बोलतो तं मीच न."

"मग? फादर काय म्हणतात?"

"म्हनतात, दादाजी, अब मत बोलिएगा. मी म्हनतो, नाही बोलत. देतात ते प्रार्थना म्हनाले, तेबी म्हनतो. अन् भायेर आलो का कोनी ना कोनी इचारतेच. मंग काय करतं! पुढच्या महिन्याले परत जातो."

हे सांगताना ते थोडे हसले. फादरांना आपण उगाच त्रास देतो असं त्यांना मनापासून वाटत असावं.

पूनम मंगळवारीच कबुलीला जाऊन आली होती. पुनरुत्थानाच्या सणाआधी जावं लागतं म्हणून. रविवारच्या वर्गात एका पोरावर हात उगारला, दोनदा रोझरीची माळ चुकली, जावेबद्दल वाईट बोलले. असं काय काय तिने सांगितलं होतं. स्वच्छ, इस्त्री केलेली पापं. कबुलीच्या खोक्यातल्या त्याच जाळीच्या त्याच बाजूला गुडघे टेकून तिचा बाप महिन्यामागून महिना तिचं पाप आपलं म्हणून सांगत होता, माफी घेत होता, आणि तिच्यासाठी पुन्हा ते करायला घरी येत होता. तिला शुगरची गोष्ट पाप म्हणून कधी सुचलीसुद्धा नव्हती. ती तर घरची व्यवस्था होती.

"उद्या सकायी बसतात फादर कबुलीले," बाबा म्हणाले.

"हो."

"आजचं जरा मोठं झालं न. वेदीसमोर बोललो." त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, सकाळी दूध कोण आणणार असं विचारावं इतकं साधं त्यांनी विचारलं, "या खेपेले तू सांगशीन, का मीच सांगू?"

तेवढ्यात चर्चच्या पायऱ्यांवरून वच्छलाबाई लगबगीने त्यांच्याकडेच येत होत्या. पदराने कपाळ पुसत त्या बाकाजवळ थांबल्या आणि पट्ट्यांकडे पाहून हळहळल्या.

"अवो माय! किती वाढली हो शुगर बाबांची?"

बाबांनी सवयीने तोंड उघडलं. मग त्यांनी पूनमकडे पाहिलं आणि ते मिटलं. चिंचेच्या पानांत काहीतरी पाहायचं असल्यासारखी त्यांनी मान वर केली आणि तशीच ठेवली.

वच्छलाबाई उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. वच्छलाबाईंना सांगितलं की सकाळपर्यंत पांढुर्ण्यात कुणाला सांगायचं उरत नाही, हे पूनमला चांगलं ठाऊक होतं. ती बाकावर बाबांच्या बाजूला सरकली, त्यांना खेटून, आणि दुसरीकडे एका माणसापुरती जागा केली.

"बसा न थोडं, वच्छलाबाई," ती म्हणाली.